पाकिटावर दुकानाचे नाव, कचरा कोणाचा?

नाशिक रोडसारख्या उपनगरात महिन्याचा किराणा साखळी दुकानातून भरणाऱ्यांच्या टोपलीत आता दुकानाच्याच नावाचा माल बराच असतो. तूरडाळ, साखर, शेंगदाणे, फरसाण, भांड्यांचा साबण. व्यापारी भाषेत याला ‘प्रायव्हेट लेबल’ म्हणतात. माल तयार करणारा वा भरणारा निराळा, पाकिटावर नाव विक्रेत्याचे. जाहिरातीचा खर्च वाचतो, म्हणून भाव थोडा उतरतो. हा हिशेब ग्राहकाला कळतो. रिकाम्या पाकिटाचा हिशेब मात्र सहसा कोणी विचारत नाही.

राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. त्यानंतर मोठ्या दुकानांतून कापडी पिशव्या दिसू लागल्या. पण त्या पिशवीत जाणारी पाकिटे प्लास्टिकचीच राहिली. या पाकिटांबाबतचा महत्त्वाचा बदल केंद्राने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत केला. वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादक व आयातदारांबरोबर ‘ब्रँडमालका’वरही टाकताना त्यात सुपरमार्केट आणि साखळी दुकानांचा स्पष्ट उल्लेख झाला. सूक्ष्म व लघु उद्योग तेवढे वगळले. म्हणजे स्वतःचे नाव छापणाऱ्या बड्या दुकानदाराला ‘आम्ही फक्त विकतो’ असे म्हणता येत नाही.

आता प्रश्न पाकिटाच्या घडणीचा. डाळ-साखरेची पारदर्शक पिशवी बहुधा एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. ती वितळवून पुन्हा वापरता येते. फरसाणाचे चकचकीत पाकीट वेगळे. हवा आणि ओल आत शिरू नये म्हणून पॉलिएस्टर, धातूचा मुलामा आणि पॉलिथिन असे थर त्यात एकजीव केलेले असतात. ते पुन्हा सुटे करणे परवडत नाही. शिवाय एका पाकिटाचे वजन जेमतेम काही ग्रॅम. भंगार किलोवर विकले जाते, तेव्हा कचरावेचक ते उचलणार तरी कशासाठी? घंटागाडीत सुका कचरा वेगळा दिला तरी अशा पाकिटांच्या वाट्याला बहुतेकदा सिमेंटची भट्टी किंवा कचरा डेपोच येतो.

नियमाने कंपन्यांना एक सोपी वाटही ठेवली आहे. कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेतली की उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद होते. पाकीट बदलावेच लागते असे नाही. ही पळवाट नाही, पण सुधारणेची घाई मात्र त्यामुळे उरत नाही.

वास्तविक दुकानाच्या मालाला झगमगाटाची गरज सर्वांत कमी. तो जाहिरातीवर खपत नाही, भावावर खपतो. शेंगदाण्याला वा साबणाला थरांचे पाकीट कशाला? शाई कमी, थर एकच, असा आग्रह धरणे दुकानाच्या हाती आहे, कारण माल भरून देणाऱ्याला पाकिटाचा तपशील तेच ठरवून देते. फरसाणाचे तसे नाही. तेथे साधी पिशवी दिली तर पदार्थ लवकर खवट होईल, आणि वाया गेलेले अन्न हाही कचराच.

ग्राहकाला एवढे पाहता येईल: पाकिटाच्या मागे त्रिकोणातला आकडा ४ किंवा ५ असेल तर प्लास्टिक सहसा एकाच जातीचे, ७ असेल तर बहुधा मिश्र.