मामींचे डबे

गिरगांवांतील आमच्या मामींच्या खोलींत पाहुण्याला चहा मिळे, खाऊ मिळे. परंतु उठतांना त्याला डोकें सांभाळावें लागे. पोटमाळ्यावरून श्रीखंडाच्या डब्यांची उतरंड खालीं डोकावत असे. तिच्या मागें बिस्किटांचे पत्र्याचे डबे, मुरांब्याच्या बरण्या, धुऊन वाळविलेल्या दुधाच्या पिशव्या आणि मिठाईच्या पुडक्यांवरून सोडविलेल्या दोऱ्याचे गुंडे. दहा-बारा फुटांच्या जागेंत हा पसारा मामींनीं पन्नास वर्षें वाढविला. "टाकायला काय रे, कधींही टाकतां येईल," हें त्यांचें ठरलेलें उत्तर.

श्रोतेहो, अशी एखादी मामी किंवा आजी आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. तिला कंजूष म्हणून आपण मोकळे होतों. मला तें पटत नाहीं. कंजूष मनुष्याच्या हातून वस्तु सुटत नाहीं. मामींचे डबे तर देण्यासाठींच जपलेले असत.

मामींचें बालपण परळच्या चाळींत गेलें. मे १९४३ मध्यें मुंबईंत रेशनिंग सुरू झालें, तेव्हां त्या सात वर्षांच्या होत्या. सुतळीच्या टोंकाचीही किंमत त्या वयांत मनावर ठसली असल्यास नवल नाहीं. परंतु टंचाईची आठवण एवढेंच कारण सांगणें अपुरें होईल. जुन्या मुंबईंत सांठविलेली वस्तु घरांत फार दिवस राहत नसे. बोहारीण जुन्या लुगड्यांच्या बदल्यांत भांडें देई, रद्दीवाला मासिकें तोलून नेई, बाटल्यांना गिऱ्हाईक दारावर येई. रिकाम्या बाटल्यांचा व्यापार तर असा चालता होता कीं, सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांना आरंभीं 'बाटलीवाला' याच नांवानें ओळखीत. सांठवण हा वस्तूच्या प्रवासांतला एक मुक्काम होता. पुढें प्लॅस्टिक आलें. हा डबा कुजत नाहीं, आणि त्याच्या बदल्यांत कोणी साधी वाटीही देत नाहीं. मामींची संवय होती तीच राहिली. बाहेर जाण्याची वाट मात्र अरुंद झाली.

संग्राहक म्हणून ज्यांचें नांव आपण आदरानें घेतों ते पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), म्हणजेच कवि 'अज्ञातवासी', हेही घरगुती वस्तूंच्याच मागें लागले होते: दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या. २०,००० हून अधिक वस्तु जमल्या. बालपणींच निवर्तलेल्या राजाच्या नांवानें त्यांचें संग्रहालय झालें, आणि १९७५ मध्यें केळकरांनीं तें महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलें. मामींच्या डब्यांना तो मान मिळणार नाहीं. केळकर निवड करीत. अनेक अडकित्त्यांत त्यांना हवा असे तो वेगळा. मामींना दहाही डबे सारखेच, आणि म्हणून दहाही हवे.

मग हा रोग म्हणावा काय? अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ मध्यें अतिसंचय हा स्वतंत्र विकार मानला खरा. परंतु तेथेंही केवळ वस्तूंची संख्या पाहत नाहींत. खोली ज्या कामासाठीं आहे त्या कामीं येते कीं नाहीं, हें पाहतात. मामींच्या खोलींत रात्रीं सहा माणसें निजत, आणि देव्हाऱ्यासमोरची जागा कधीं अडली नाहीं.

तरीही एकदां घोटाळा झालाच. गणपतीसाठीं मामी कोंकणांत गेल्या असतां माझ्या मामेभावानें पोटमाळा रिकामा करून तीन पोतीं भंगारवाल्याला दिलीं. परत आल्यावर मामी रागावल्या नाहींत. त्यांनीं एकदां वर पाहिलें, आणि पुढें आठ दिवस त्या मुलाशीं जेवणापुरतेंच बोलल्या. त्या दिवाळींत शेजारीं फराळ गेला तो स्टीलच्या डब्यांतून, आणि घरोघर फिरून ते डबे परत मागण्याची पाळी भावावर आली. मामींचे डबे परत मागावे लागत नसत, हें तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें.

पुढें चाळ पाडून नवी इमारत व्हावयाची ठरली, तेव्हां मायलेकांत करार झाला: नव्या स्वयंपाकघरांतील एक फडताळ मामींचें, त्याबाहेर कांहीं नाहीं. काय न्यावयाचें तें निवडण्यास मामींना पंधरा दिवस लागले. तोंवर कोणीं हात लावावयाचा नाहीं, ही त्यांची अट होती. गेल्या दिवाळींत त्या फडताळांतून आठ डबे फराळ घेऊन बाहेर पडले. भाऊबीजेपर्यंत अकरा आले.