ऊन पाणी

वऱ्हाडातला माणूस उन्हाळ्याचा हिशेब आपल्या अंगावरून मांडतो. अमरावती-अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांची सरहद्द ओलांडून गेला की दुपारचे रस्ते ओस पडतात आणि जो तो सावली धरतो. परंतु याच मुलखातील शेततळ्यांत आणि जलाशयांत जे मासे वाढतात, त्यांना देहाची ऊब स्वतः राखण्याची शक्ती निसर्गाने दिलेली नाही. पाण्याचे जे तापमान तेच त्यांच्या देहाचे, आणि त्यावरच त्यांची भूक, पचन, वाढ, एवढेच नव्हे तर काही जातींत नर की मादी हा आयुष्यातला पहिला निवाडाही अवलंबून असतो.

या निवाड्याचे ठळक उदाहरण म्हणजे तिलापिया, ज्याला आपल्या बाजारात चिलापी म्हणतात. नाईल नदीच्या तिलापियात नर-मादीचा भेद मुळात गुणसूत्रांनीच ठरतो. तथापि अंडे फळल्यानंतर दहाएक दिवसांनी पिलांना छत्तीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात काही आठवडे ठेवले, तर गुणसूत्रांनी मादी असलेली कित्येक पिले नर होऊन वाढतात. नरसंप्रेरकाचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करणारे अरोमाटेज नावाचे एक विकर आहे. कोवळ्या वयात उष्णतेने त्याचे कार्य मंदावते, आणि जेथे बीजकोश घडायचा तेथे वृषण घडते. ही मुदत टळली की पुढे कितीही ऊन लागले तरी हा भेद सहसा फिरत नाही. माशांमध्ये तापमानाने लिंग ठरते हे कॉनोव्हर आणि कायनार्ड या अमेरिकन संशोधकांनी 1981 साली सिल्व्हरसाइड नावाच्या एका लहानशा समुद्री माशावर दाखवून दिले.

मत्स्यपालकाला या शास्त्राची गोडी का, ते तिलापियाची मादी पाहिली म्हणजे कळते. फळलेली अंडी ती तोंडात घेऊन हिंडते. गाल फुगलेले, जबडा मिटलेला, आणि पिले सुटी होईपर्यंत अन्नाचा कण पोटात नाही. नर तेवढ्या काळात वाढतच असतो. शिवाय माद्या वरचेवर विणारच, मग तळे बोटाएवढ्या माशांनी भरून जाते आणि विकण्याजोगा मासा मिळत नाही. म्हणून बीजकेंद्रांत पिलांना तीनचार आठवडे संप्रेरकमिश्रित खाद्य देऊन नर करतात. औषधाऐवजी ऊन पाणी वापरावे, हा विचार मला मोलाचा वाटतो. पण एका जोडीची पिले उष्णतेला दाद देतात, दुसऱ्या जोडीची जवळजवळ देतच नाहीत, आणि फार ऊन पाण्यात मरणारीही पुष्कळ. तेव्हा वऱ्हाडचे ऊन हे काम फुकट करून देईल, या मोहात कास्तकाराने पडू नये. रोहू, कटला, मृगळ पाळणाऱ्याने तर हा हिशेब मांडूच नये.

त्याचा खरा व्यवहार वाढीशी आहे. कार्प जातीचे मासे साधारण पंचवीस ते बत्तीस अंशांत खाऊन अंगी लावतात. पौषाच्या थंडीत त्यांची भूक मंदावते, आणि सवयीने टाकलेली सरकीची ढेप तळाशी कुजत राहते. वैशाखात उलट घडते: दहा अंश वाढले की देहाची प्राणवायूची गरज सुमारे दुप्पट होते, आणि पाणी मात्र तो कमी धरते, वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तिसाला जेमतेम सात. मोर्शी तालुक्यातील सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा जलाशयात किंवा महानच्या काटेपूर्णा धरणात मासा खाली उतरून उष्मा चुकवू शकतो. शेततळ्यात मे महिन्यापर्यंत पाणी आटून खोली उरत नाही. रात्रभर शेवाळानेही प्राणवायू ओढलेला असतो, म्हणून संकट भर दुपारी नव्हे, पहाटे येते.

त्या वेळी काठाशी उभे राहावे. पाणी निश्चल असते, आणि त्यावर शेकडो तोंडे उघडमीट करताना दिसतात. अशा वेळी खाद्याला हातही न लावता विहिरीवरचा पंप सुरू करावा आणि पाण्याची धार उंचावरून तळ्यात सोडावी. थोड्याच वेळात मासे त्या धारेखाली गोळा होतात.