कॉम्प्रेसरचा सर्ज

कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय वाचून एका स्नेह्याने विचारले, "तुम्ही युनियनवाले, तुम्हाला यंत्रातले काय कळते?" प्रश्न रास्त आहे. आमची शाळा सातवीत सुटली. कॉम्प्रेसर आम्ही शिकलो तो एका चार्जशीटमुळे.

अमोनिया करावयाचा तर हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे मिश्रण फार मोठ्या दाबाखाली न्यावे लागते. पूर्वी हे काम दट्ट्याची यंत्रे करीत. १९६० नंतरच्या दशकात कारखाने मोठे झाले आणि वाफेच्या टर्बाइनवर चालणारे अपकेंद्री कॉम्प्रेसर आले. दट्ट्याचे यंत्र वायूला कोंडून दाबते. झडप मिटली की त्याला मागे वाट नसते. अपकेंद्री यंत्रात मिनिटाला दहा-दहा हजार फेरे घेणारी चाके वायूला वेग देतात आणि त्या वेगाचाच पुढे दाब होतो. मधे दार असे नसतेच. वायू पुढे जात राहतो तो केवळ वाहत आहे म्हणून.

भरलेली हातगाडी चढावर ढकलणारा हमाल डोळ्यांपुढे आणा. गाडी चालती आहे तोवर ठीक. वेग एका मर्यादेखाली गेला की तीच गाडी त्याच्या अंगावर येते. कॉम्प्रेसरचेही असेच होते. प्रवाह फार कमी झाला की पुढच्या नळातला दाब चाकांना पेलवत नाही आणि वायू उलटा फिरतो. त्यामुळे पुढचा दाब उतरतो, म्हणून वायू पुन्हा पुढे धावतो, दाब चढतो, पुन्हा उलटतो. एकेक आवर्तन एक-दोन सेकंदांचे. यालाच सर्ज म्हणतात. प्रत्येक हिसक्याला रोटर मागेपुढे आपटतो, थ्रस्ट बेअरिंग जळते, सील घासतात. वायू हायड्रोजनचा असल्यामुळे सील गेले तर आगीचे भय. शिवाय चाकांवरचा भार एकदम उतरल्याने टर्बाइनचा वेग उसळतो, तो निराळाच.

उपाय ऐकायला सोपा आहे. पुढचा थोडा वायू थंड करून परत तोंडाशी आणावयाचा, म्हणजे चाकांमधून प्रवाह पुरेसा राहतो. त्या वाटेवर एक झडप असते. प्रवाह आणि दाब मोजणारी यंत्रणा सर्जच्या मर्यादेच्या अलीकडे, साधारण दहा टक्के अंतर राखून, ती उघडू लागते. झडप झटकन उघडावी आणि सावकाश मिटावी, हा नियम. उपकरणांची हवा गेली तर ती आपोआप उघडी पडावी, अशी तिची स्प्रिंग असते. कारण सर्ज माणसाला वेळ देत नाही; प्रवाह उलटतो तो डोळ्याची पापणी लवण्याआधी.

पण परत फिरवलेला वायू म्हणजे फुकट गेलेली वाफ! इथेच भांडणाचे मूळ आहे.

१९९८ साली एका कारखान्यात, नाव सांगत नाही, वाफ वाचवण्यासाठी ही झडप हाताच्या नियंत्रणावर ठेवून मिटवण्याचा हुकूम निघाला. हुकूम तोंडी. एका रात्रपाळीत यंत्र सर्जमध्ये गेले, थ्रस्ट बेअरिंग गेले, आणि निष्काळजीपणाचे चार्जशीट मिळाले ऑपरेटरला. त्याच्याच घरी बसून आम्ही आलेखाचा कागद वाचायला शिकलो. प्रवाहाची रेघ फणीच्या दात्यांसारखी वरखाली झालेली. त्याने बोट ठेवले ते मात्र त्या दात्यांवर नव्हे, मागच्या पंधरा दिवसांवर. तोंडाशी असलेली गाळणी तुंबत चालली होती. आत येणारा दाब उतरत होता, म्हणजे तेवढाच पुढचा दाब गाठायला यंत्राला अधिक चढ चढावा लागत होता, आणि प्रवाह घटत होता. प्रत्येक पाळीने लॉगबुकात गाळणीचा आकडा लिहिला होता. सही करणाऱ्या साहेबांनी सही केली होती, आकडा वाचला नव्हता.

चौकशीत ते लॉगबुक आम्ही टेबलावर ठेवले. चार्जशीट मागे घेतले गेले. एक वेतनवाढ मात्र त्यांनी रोखलीच, ती मिळायला दोन वर्षे गेली. पुढच्या करारात आम्ही एक ओळ घालून घेतली : ही झडप हातावर घ्यावयाची तर हुकूम लेखी, वेळ घालून, सहीनिशी. त्यानंतर आमच्या माहितीत तसा हुकूम एकदाच निघाला, यंत्र सुरू करताना, आणि तोही झडप उघडी ठेवण्याचा.