पाण्याची गोष्ट कोण सांगतो?

शाक्य आणि कोलिय ही शेजारी गणराज्ये. दोघांच्या मधून रोहिणी नदी वाहत असे आणि दोन्ही तीरांवरची शेती तिच्याच पाण्यावर पिकत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या पाण्यावरून पेटलेला कलह सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून येतो. शाक्य संघ युद्धाकडे झुकला असता सिद्धार्थाने सुचविले की, शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. संघाने ते मानले नाही. ही कथा आपण बहुधा युद्धविरोधाची म्हणून सांगतो. परंतु ती पाणीवाटपाचीही कथा आहे. पाणी अपुरे पडले की ते कोणी, किती आणि कोणाच्या संमतीने घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. अडीच हजार वर्षांनंतर तोच प्रश्न आपल्या गावांपुढे आहे.

हवामानबदलामुळे पावसाची रीत बदलत आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे संशोधनातून दिसून आले आहे. थोड्या वेळात धो धो पडलेले पाणी जमिनीत मुरण्याआधीच वाहून जाते. त्यामुळे एकाच गावाला श्रावणात पूर आणि चैत्रात टँकर, अशी वेळ येते. हे आकडे महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांतून आपल्या ओढ्याचे काय झाले ते कळत नाही. तो ओढा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, कोणत्या डोंगरावरची झाडी तुटल्यावर झरा आटला, कोणत्या आडाला दुष्काळातही पाणी राहिले, हे गावातील वृद्धांना ठाऊक असते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांनी आपले जग केवढ्या बारकाईने स्मरणात ठेवले होते, याची साक्ष त्या संग्रहाने दिली. पाण्याची स्मृतीही अशीच जपलेली आहे. ती विचारली नाही, तर त्या पिढीबरोबर ती संपेल.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गावाच्या पाण्याची गोष्ट पाटलाच्या ओसरीवर एका प्रकारे सांगितली जाते आणि वस्तीत दुसऱ्या प्रकारे. ओसरीवरच्या गोष्टीत बारव तुडुंब भरलेली असते. वस्तीतल्या गोष्टीत त्याच बारवेपासून दूर, कोणी घागरीत पाणी ओतील या आशेने उभी राहिलेली आजी असते. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी तळ्यावर जाणे अशक्यच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयीन लढा चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पाण्याचे नियम निसर्गाने घालून दिलेले नसतात, ते माणसे करतात आणि म्हणून माणसे ते बदलू शकतात, हा महाडचा धडा आहे. हवामानबदलापुढे हताश होणाऱ्या गावाला याच धड्याची सर्वाधिक गरज आहे.

हा धडा केवळ अभिमानापुरता नाही. आपल्या अनेक घरांत १९७२ च्या दुष्काळाची आठवण आहे. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन आपल्या आईवडिलांनी रस्त्यांची खडी फोडली, पाझर तलाव खोदले. त्या तलावांमुळे खालच्या विहिरींना पाणी वाढले, पण खोदणाऱ्यांपैकी अनेकांकडे त्या विहिरींखाली जमीनच नव्हती. या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला, तेव्हा नेमका हाच प्रश्न हाती घेतला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठेवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठेवला गेला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, एवढ्यापुरतेच पाणी मिळे. उसाला मनाई होती आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला.

गोष्टीला मोजमापाची जोड मिळाली की तिच्यातून निर्णय निघतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अल्प पावसाचे गाव. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली तेथे समतल चर आणि बांधबंदिस्तीची कामे झाली, शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंधन आले. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी राखून उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरते. पाणी कमी असेल त्या वर्षी पिके बदलतात.

आपल्या गावी हे कसे करता येईल? आपले माजी विद्यार्थी अनेक गावांत शिक्षक, शेतकरी, ग्रामपंचायत सदस्य म्हणून काम करीत आहेत. २० मार्च हा महाडचा स्मृतिदिन आणि २२ मार्च हा जागतिक जल दिन. या तीन दिवसांत विहारात किंवा शाळेच्या पटांगणात पाण्याची बैठक घ्यावी. पहिल्या दिवशी ज्येष्ठांना, विशेषतः पाणी वाहिलेल्या स्त्रियांना बोलते करावे. पाणी कोठून आणत होता, किती वेळ लागे, कोण आधी भरे आणि कोणाला थांबावे लागे, हे विचारावे. मुलांनी ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी त्या आठवणींतील झरे, ओढे, आड यांच्या खुणा गावाच्या नकाशावर कराव्यात आणि शिवारफेरी काढून आजची स्थिती पाहावी. तिसऱ्या दिवशी एकच काम ठरवावे. एखाद्या आडाचा गाळ काढणे, ओढ्यावर बांध घालणे किंवा शाळेत पर्जन्यमापक बसवून विहिरींची पातळी दिवाळीनंतर आणि वैशाखात नोंदविणे, यांपैकी जे झेपेल ते. मग नोंदवही घेऊन ग्रामसभेत जावे आणि या पाण्यात भूमिहीन कुटुंबाचा वाटा किती, हे तेथे विचारावे.

हा प्रश्न विचारल्यावर बैठकीत काही काळ शांतता पसरेल. ती सहन करावी. रोहिणीच्या काठी ज्या पाच जणांची बैठक बसू शकली नाही, ती आपल्या गावी बसविण्याची संधी आपल्याला आहे.