सकर फिश टाकला म्हणजे टँक साफ?

घरात फिश टँक आला की पोरं खूश. पण महिनाभरातच काचेवर हिरवा थर चढतो आणि कुणीतरी सल्ला देतो, ‘एक सकर फिश टाका, शेवाळ खाऊन टाकेल.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे.

दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा लहानपणी काचेवरचे शेवाळ खरवडून खातो. पण इतर माशांची विष्ठा तो खात नाही. उलट स्वतःच भरपूर घाण करतो. बोटाएवढा आणलेला सकर दीड फुटापर्यंत वाढू शकतो.

शेवाळाचे मूळ कारण म्हणजे जास्त उजेड आणि कुजणारी घाण. विष्ठा व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. पहिले दोन माशांना विषारी, तर नायट्रेट हे शेवाळाचे खतच. म्हणून टँक उन्हात ठेवू नये, दिवा दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त लावू नये, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य घालावे आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

मूर्तिजापूर परिसरात आणखी एक पेच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी खारे असते. उन्हाळ्यात टँकचे पाणी भराभर आटते आणि घरचे लोक वरून तेवढीच भर घालतात. वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागेच राहतात आणि वाढत जातात. त्यामुळे आधी जुने पाणी काढावे, मगच नवे घालावे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन घालवणारे औषध टाकूनच वापरावे.

माणसांनीही जपायला हवे. टँकच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मॅरिनम’ हा क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद असू शकतो. हातावरच्या जखमेतून तो शिरतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर गाठ येते, कधी एकामागून एक गाठी वर चढत जातात. मलमाने त्या जात नाहीत. औषधे काही महिने घ्यावी लागतात. रुग्ण टँकचा विषय काढत नाही, म्हणून निदान लांबते. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना टँकबद्दल आवर्जून सांगावे. जखम असल्यास हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, पाणी काढायची नळी तोंडाने ओढू नये. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी सफाई दुसऱ्यावर सोपवावी.

टँकमध्ये न मावणारा सकर नदीत सोडून देणे मात्र सर्वांत वाईट. भीमेवरील उजनी जलाशयात हा मासा पसरला असून त्याच्या काटेरी, कडक अंगामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो हवा गिळून तगतो आणि काठात बिळे करतो. महाराष्ट्राच्या नद्यांत दगडावरचे शेवाळ खाणारा मल्या हा मासा आधीपासूनच आहे. इंग्रज अधिकारी साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे वर्णन करताना शास्त्रीय नावातही ‘मुल्या’ हाच शब्द ठेवला. सकरचे खाणेही तेच.

तेव्हा मोठा झालेला सकर दुकानदाराला परत द्यावा, पूर्णेत सोडू नये. आणि काच? ती आठवड्यातून एकदा हाताने घासावी. त्याला पाच मिनिटे पुरतात.