‘शंकुल’ ते ‘कलवरी’ : मधली २३ वर्षं

माझगाव डॉकनं बांधलेली ‘शंकुल’ २८ मे १९९४ रोजी नौदलात दाखल झाली. याच गोदीतून आलेली पुढची नवी पाणबुडी म्हणजे ‘कलवरी’. तिची तारीख १४ डिसेंबर २०१७. संरक्षण क्षेत्राला तंत्रकुशल माणसं मिळत नाहीत, ही तक्रार प्रत्येक परिसंवादात ऐकू येते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. माझगावात माणसं होती. काम थांबलं.

डिसेंबर १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीच्या ‘एचडीडब्ल्यू’शी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन कीलमध्ये बांधायच्या, दोन मुंबईत. आपले अभियंते आणि कारागीर कीलला जाऊन शिकून आले. ‘शाल्की’ १९९२ मध्ये नौदलात आली, मग ‘शंकुल’. पाणबुडी बांधू शकणाऱ्या मोजक्या देशांत भारत जाऊन बसला.

त्या कारागिरांना काय येत होतं, हे वेल्डिंगपुरतं जरी पाहिलं तरी कळतं. समुद्रात दर दहा मीटर खोलीला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो. तीनशे मीटरवर दर चौरस सेंटिमीटरवर तीस किलोंचा भार. तो पेलायचा तर प्रेशर हल, म्हणजे पाणबुडीचं दाब झेलणारं नळकांड्यासारखं कवच, शक्य तितकं अचूक गोल हवं. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं पोलाद ओढलं जातं, गोलाई बिघडते. म्हणून समोरासमोर दोन वेल्डर एकाच वेळी, एकाच वेगानं काम करतात. त्याआधी सांध्याजवळचं पोलाद तापवून ठेवावं लागतं, नाहीतर हायड्रोजन अडकून काही तासांनी, कधी काही दिवसांनी, आतल्या आत तडा जातो. अशा तापलेल्या नळकांड्यात मुंबईच्या मे महिन्यात वाकून बसायचं, एक थर भरायचा, घासायचा, पुढचा भरायचा. मग एक्स-रे. फिल्मवर बारीकसा काळा ठिपका दिसला की तेवढा भाग कोरून काढून पुन्हा पहिल्यापासून. यात हात बसायला वर्षं जातात. आणि जायला? बहुतेक आंतरराष्ट्रीय मानकांनुसार सहा महिने ती पद्धत हातून झाली नाही की वेल्डरची पात्रता संपते.

आपण सहा महिने नाही, दशक घालवलं. १९८७ मध्ये एचडीडब्ल्यू व्यवहारात कमिशनचा आरोप झाला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचे आदेश दिले आणि थोड्याच दिवसांत मंत्रिपद सोडलं. आरोपाचं जे व्हायचं ते झालं, पण पाचव्या-सहाव्या पाणबुडीचा विचार गुंडाळला गेला. गोदी बंद पडली नव्हती. तिथं ‘दिल्ली’ वर्गाच्या विनाशिका बांधल्या जात होत्या. पण विनाशिकेवर काम करणारा वेल्डर उद्या प्रेशर हलवर उभा करता येत नाही. उरलेल्यांना निवृत्तीनं गाठलं.

ऑक्टोबर २००५ मध्ये सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला, तोही फ्रेंचांशी. म्हणजे नवं आरेखन, नव्या पद्धती, पुन्हा परदेशी प्रशिक्षण. त्यातली पहिली, ‘कलवरी’, २०१२ मध्ये मिळायची होती, ती पाच वर्षं उशिरा आली. सगळा दोष विसरलेल्या हातांचा नाही. सुट्या भागांची खरेदीही रखडली होती. पण ही मुळाक्षरं दुसऱ्यांदा गिरवायची वेळ आपणच आणली होती.

ब्रिटनचंही हेच झालं होतं. बॅरो-इन-फर्नेसच्या गोदीत ‘व्हॅनगार्ड’ वर्गाचं काम ओसरलं आणि पुढच्या ‘ॲस्ट्यूट’चं उशिरा सुरू झालं. एके काळी १३,००० च्या आसपास असलेले कामगार काही हजारांवर आले. ‘ॲस्ट्यूट’ इतकी अडली की २००३ मध्ये अमेरिकेच्या ‘इलेक्ट्रिक बोट’ला मदतीला बोलवावं लागलं. मात्र ब्रिटन त्यातून शिकला. पुढच्या वर्गाचं काम येईपर्यंत हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यानं उरलेल्या ‘ॲस्ट्यूट’ची बांधणी मुद्दाम लांबवली आणि जादा खर्च सोसला. आपल्याकडे हाच निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षकांनी फाडून खाल्लं असतं.

कागदावर आपणही दूरदृष्टी दाखवली होती. १९९९ च्या योजनेत तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधायच्या होत्या. प्रत्यक्षात स्कॉर्पीन मालिकेतली सहावी ‘वागशीर’ २० एप्रिल २०२२ रोजी पाण्यात उतरली. त्यानंतरच्या ‘प्रोजेक्ट ७५ आय’ची निविदा जुलै २०२१ मध्येच निघाली होती. तरी १५ जानेवारी २०२५ रोजी ‘वागशीर’ नौदलात आली, तेव्हाही त्या करारावर सही झालेली नव्हती.

आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांची आपल्याकडे वाण नाही. माझगाव डॉकची स्वतःची शिकाऊ उमेदवारांची शाळा आहे. फिटर, पाइप फिटर, वेल्डर, रिगर तिथं घडतात. पण गोदीतल्या जाहिराती पाहा : कुशल कामगारांची बरीच भरती ठरावीक मुदतीच्या करारावर होते. पाणबुडीच्या सांध्यावर हात बसलेला मुलगा मुदत संपली की ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा आखातात काम शोधतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मंत्रालयाच्या हिशेबात पाणबुड्यांची संख्या असते. सध्या पात्र असलेले प्रेशर हल वेल्डर किती, त्यांतले निवृत्तीला आलेले किती, हा आकडाही दरवर्षी संसदेपुढे ठेवायला हवा. पुढच्या कराराला किती उशीर परवडेल, ते त्यावरूनच ठरवता येईल.