मे महिन्यातला उतार

उतारावर काय लावायचे हे बहुतेक शेतघरवाले ऑगस्टमध्ये ठरवतात, आणि तिथेच गणित चुकते. ऑगस्टमध्ये पानशेतला दगडसुद्धा हिरवा असतो. तेरडा, चवर, नेचे आणि शेवाळ यांनी पानशेत धरणाच्या तानाजीसागर जलाशयाभोवतीचे कडे भरून गेलेले असतात. मातीचा खरा कस लागतो तो वळवाच्या सरीत आणि मृगाच्या पहिल्या पावसात. सात-आठ महिने कोरड्या राहिलेल्या उतारावर तेव्हा हिरवे असे फारसे उरलेले नसते. तेव्हा झाड पारखायचे ते मे महिन्यात.

सावलीचेही तसेच. पानशेत साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश चढतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलेल्या तीव्र उताराला ऊन नुसते चाटून जाते. मेच्या मध्याला तोच सूर्य थेट डोक्यावर येतो. वरची झाडे साग किंवा ऐन असतील, तर त्यांची पाने तोवर गळून गेलेली. म्हणजे ज्याला आपण सावलीचा उतार म्हणतो, तो वर्षातल्या सर्वांत कडक दिवसांत उघडा असतो. आंबा, जांभूळ, अंजनी यांच्याखालची गोष्ट निराळी. तिथली सावली बारमाही.

झाडाखाली पाऊस सौम्य पडतो, हाही एक समज. पानांवर साचून उंचावरून गळणारे टपोरे थेंब उघड्या मातीला मोकळ्या पावसापेक्षा जोरात मारतात. त्यांचा मार झेलतो पालापाचोळा. वेल्हे-भोरचा शेतकरी राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, पाला नेतो, त्यामागे भाताच्या रोपांचे कारण तरी आहे. बंगल्याचा माळी मात्र आवार ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून पाचोळा झाडून पेटवून देतो. उतारावरचे पहिले आच्छादन हेच आहे, आणि ते फुकट आहे.

मग लावायचे काय? प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी सुरू केली. पानशेत परिसरातल्या उजाड डोंगरउतारावर त्यांनी केलेल्या निसर्ग पुनरुज्जीवनाच्या कामाचा भर संरक्षणावर होता: चराई, कुऱ्हाड आणि वणवा थांबवायचा आणि आपोआप काय उगवते ते पाहायचे. बागवाल्यालाही हीच पद्धत घेता येते. एक पावसाळा काहीही न लावता जागा राखावी. जे येईल त्यातून निवडावे आणि मोकळे राहतील तेवढेच तुकडे भरावेत.

भरायला चवर आणि पेव उत्तम. पाने वाळली तरी कंद मातीत राहतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो. मधल्या उंचीला अडुळसा लावावा. तो बराच काळ हिरवा राहतो आणि शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. शतावरी, मुरुडशेंग, दिंडा यांनाही जागा द्यावी. कारवी तर सह्याद्रीच्या उभ्या कड्यांचीच रहिवासी. मात्र ती काही वर्षांनी एकदाच सगळी मिळून फुलते आणि मरते, त्यामुळे सगळा उतार तिच्या भरवशावर सोडू नये. पिंपळी सावलीत छान पसरते, पण उन्हाळ्यात ओल मागते. झऱ्याकाठी असेल तरच. वाळ्याची मुळे तीन-चार मीटर खोल जातात म्हणून तो सर्वत्र सुचवला जातो, पण त्याला ऊन लागते. दाट सावलीत तो खुरटतो.

नर्सरीत हमखास हातात देतात ते वेडेलिया. पिवळी फुले, चकचकीत पाने, पेराला मुळे. मूळ अमेरिका खंडातली ही वनस्पती जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. घाणेरी आणि रानमोडीही त्याच यादीतल्या. बंगल्याच्या कुंपणापलीकडे ओढा असतो आणि ओढ्यापलीकडे जंगल, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

उतारावर लावलेल्या झुडपांकडून अपेक्षाही बेताचीच ठेवावी. ती वरचा थर धरतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर अख्खा डोंगर आला, तसे खोल सरकणे चवरीच्या कंदांनी थांबत नाही. पायथा जेसीबीने उभा कापलेला असेल, तर आधी पाण्याचा निचरा आणि दगडी ताल यांचा विचार करावा, रोपांचा नंतर.

आणि पाचोळा राखायचा म्हणजे वणव्याची धास्ती आलीच. गवत पुरते वाळण्याआधी हद्दीवर जाळरेषा काढून घ्यावी, नाहीतर शेजारच्या माळावरची आग मार्चमध्ये एका दुपारीत सगळा उतार खाऊन टाकते.